डेटाबेसचे प्रकार शिकवायचे आहेत? आधी केळीच्या कटाईची वही उघडा

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय. त्या कॉम्प्युटर क्लास चालवतात. सहा मशीन, बॅचला बारा पोरं, बहुतेक बारावी झालेली किंवा बीकॉम करणारी. या पोरांसाठी त्यांना मराठीतून डेटाबेसचे धडे लिहायचे आहेत. प्रश्न तीन आहेत: डेटाबेसचे एकूण प्रकार किती नि कोणते, सुरुवात कशापासून करावी, आणि मराठी शब्द कितपत वापरावेत. सोबत पहिल्या धड्याचा कच्चा खर्डा आहे. त्याची पहिली ओळ अशी: 'डेटाबेस म्हणजे माहितीचा सुसंघटित संग्रह होय.'

ताई, ती ओळ खोडा. चूक काही नाही तिच्यात, पण डेटाबेस ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती कळते. वहीने एकदा चांगला घोळ घातल्याशिवाय पोराला 'सुसंघटित' म्हणजे काय ते उमगत नाही. मी पंचवीसेक वर्षं जळगावात हेच काम करतोय. डाळ मिल, जिनिंग, चटईचे कारखाने, पतसंस्था, केळीचे व्यापारी, सगळ्यांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवून झाल्या. मला स्वतःला डेटाबेस व्याख्येतून कळला नाही, घोळातून कळला.

आधी प्रकारांचं बोलू, कारण तिथे पुस्तकांनीच गोंधळ करून ठेवलाय. एका पुस्तकात सात प्रकार सापडतील, दुसऱ्यात बारा. रिलेशनल (एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा), डॉक्युमेंट, ग्राफ हे प्रकार माहिती कशी मांडली त्यावरून पडतात. क्लाउड, डिस्ट्रिब्युटेड हे ती कुठे ठेवली त्यावरून. इन-मेमरी हा ती कशावर ठेवली त्यावरून. रोजच्या व्यवहाराचा की विश्लेषणाचा, हा भेद वापरावरून. याद्या करणारे हे सगळं एकाच रांगेत उभं करतात. पिकांच्या यादीत कुणी 'केळी, कापूस, बागायती, ठिबक' असं लिहिलं तर आपल्याकडचा शेतकरी हसेल, कारण आपली केळी बागायतीच असते आणि ठिबकवरच असते. तसाच पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस रिलेशनल आहे, क्लाउडवर चालतो, आणि डॉक्युमेंटही पोटात घेतो. म्हणून प्रकारांचा तक्ता पहिल्या धड्यात नको. प्रत्येक प्रकार हे कुठल्यातरी अडचणीचं उत्तर आहे. पोरांना आधी ती अडचण येऊ द्या, प्रकाराचं नाव मागून सांगा.

अडचण यायला वही लागते. रावेर पट्ट्यातल्या एखाद्या केळी व्यापाऱ्याची कटाईची वही घ्या. तुमच्याकडे कापूस जास्त, तर जिनिंगच्या वजनकाट्याची घ्या. पण एकच घ्या आणि शेवटच्या धड्यापर्यंत तीच चालवा. पहिल्या धड्यात विद्यार्थी, दुसऱ्यात कर्मचारी, तिसऱ्यात ग्रंथालय, असं उदाहरण बदलत राहिलं की दर वेळी पोरांची अर्धी शक्ती नवं उदाहरण समजून घेण्यात जाते. आता ही वही बघा. वजन क्विंटलमध्ये, भाव क्विंटलचा. आकडे माझ्या मनचे आहेत.

तारीख | शेतकरी | गाव | वजन | भाव
५ जून | सुनील पाटील | चिनावल | ६२ | १४५०
५ जून | सुनिल पाटील | चिनावल | ४० | १४५०
७ जून | सुनील पाटील | विवरे | ५५ | १३८०
८ जून | सुनील आप्पा | चिनावल | ३८ | १४००

पोरांना एकच प्रश्न विचारा: चिनावलच्या सुनील पाटलांना एकूण किती पैसे द्यायचे?

गाळ्यावरचे दिवाणजी डोळे मिटून सांगतील. दुसऱ्या ओळीतला ऱ्हस्व 'नि' म्हणजे घाईत लिहिलेला तोच माणूस, आणि सुनील आप्पाही तोच. पहिल्या ओळीचे ८९,९००, दुसरीचे ५८,०००, चौथीचे ५३,२००. एकूण २,०१,१००. कॉम्प्युटरला नाव आणि गाव देऊन तेच विचारलं तर तो ८९,९०० सांगतो, कारण त्याच्यासाठी 'सुनील' आणि 'सुनिल' ही दोन माणसं. नुसतं नाव दिलं तर १,६५,८०० सांगतो, त्यात विवऱ्याच्या भलत्याच पाटलाचे ७५,९०० आले. एकाच वहीची तीन उत्तरं निघाली. इथे थांबा. पोरांना भांडू द्या. कुणी म्हणेल नाव नीट लिहायला पाहिजे, कुणी म्हणेल वडिलांचं नाव घ्या. घ्या म्हणावं, खानदेशातल्या कुठल्याही मोठ्या गावाची मतदार यादी काढा आणि एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे पाटील किती निघतात ते मोजा.

हे मी हसत सांगतोय, पण त्या वेळी हसू आलं नव्हतं. साधारण १९९९ची गोष्ट. एका पतसंस्थेचं काम मी फॉक्सप्रो या त्या वेळच्या डेटाबेसमध्ये केलं. खात्याची ओळख म्हणून नावाची पहिली आठ अक्षरं आणि गावाचा कोड जोडला, आणि आपण फार हुशारी केली असं वाटलं. पहिल्याच सहामाहीला एका पाटलांचं व्याज दुसऱ्या पाटलांच्या खात्यात जाऊन बसलं. ज्यांचं गेलं ते आले. ज्यांना मिळालं ते आले नाहीत. मॅनेजरसाहेबांसमोर हात जोडून उभा राहिलो आणि पुढच्या आठ दिवसांत प्रत्येक खात्याला नुसता एक क्रमांक दिला, ज्याला नावाशी, गावाशी, कशाशीच देणंघेणं नाही. प्रायमरी की म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

पोरं पुढे मोबाइल नंबर सुचवतील. घरात चार खातेदार आणि मोबाइल एकच, शिवाय सिम बदलतं. कुणीतरी आधार क्रमांक म्हणेल. तो तर धड्यात अजिबात नको. दुसऱ्याची खाजगी माहिती नको तिथे भरून ठेवायची सवय आपणच लावू नये. साधा क्रमांक द्या. वही आता दोन टेबलांत फुटते.

शेतकरी:
क्रमांक | नाव | गाव
१०१ | सुनील पाटील | चिनावल
१०२ | सुनील पाटील | विवरे

कटाई:
तारीख | शेतकरी_क्रमांक | वजन | भाव
५ जून | १०१ | ६२ | १४५०
५ जून | १०१ | ४० | १४५०
७ जून | १०२ | ५५ | १३८०
८ जून | १०१ | ३८ | १४००

आता प्रश्न असा विचारायचा:

सिलेक्ट सम(वजन * भाव) फ्रॉम कटाई व्हेअर शेतकरी_क्रमांक = १०१;

उत्तर २,०१,१००. दिवाणजींच्या उत्तराशी जुळलं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. स्क्रीनवर सिलेक्ट, सम, फ्रॉम, व्हेअर हे शब्द आणि आकडे इंग्रजी अक्षरांतच टाकायचे.)

एक युक्ती सांगतो, ती फारसं कुणी वापरत नाही. शिकवताना टेबलांची नि कॉलमांची नावं देवनागरीत ठेवा. एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, तिन्ही डेटाबेस ती निमूट घेतात. फायदा असा की आज्ञेतला कुठला शब्द एसक्यूएलचा (डेटाबेसशी बोलायच्या भाषेचा) आणि कुठला आपण ठेवलेला, हे पोराला लिपीवरूनच दिसतं. इंग्रजी धड्यांत सगळंच इंग्रजी असतं. मग पोरगं 'नेम' हा शब्दही एसक्यूएलचाच समजून पाठ करतं आणि स्वतःच्या टेबलात 'नाव' असा कॉलम करायला घाबरतं. नोकरीच्या कामात मात्र नावं इंग्रजीच ठेवावीत, तिथे दहा जणांचे कीबोर्ड असतात. आणखी एक बारकावा: पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हं. 'शेतकऱ्याला_दिलेली_एकूण_उचल' असं ऐसपैस नाव ठेवाल तर पोस्टग्रेस सूचना देऊन शेपूट छाटेल.

देवनागरीचे खड्डे मराठी धड्यांतच सांगितले पाहिजेत, कारण इंग्रजी धडा लिहिणाऱ्याला ते कधी लागतच नाहीत. यावर एक अख्खा धडा करा.

पहिला खड्डा आकड्यांचा. मराठी कीबोर्ड चालू असताना पोरगं वजन म्हणून '६२' टाकतं. पोस्टग्रेस लगेच ओरडतो आणि ते बरं असतं. एसक्यूलाइट ओरडत नाही. कॉलम पूर्णांकाचा असला तरी ते अक्षरं म्हणून ठेवून घेतो, आणि बेरीज करताना त्या ओळीचं शून्य धरतो. ६२ क्विंटल माल हवेत गेला आणि कुठे लाल अक्षरही आलं नाही! यावर उपाय २०२१मध्ये आला. टेबल बनवताना शेवटी 'स्ट्रिक्ट' हा शब्द जोडला की चुकीचा प्रकार आत येत नाही. पण पोरांना आधी शून्य बेरीज दिसू द्या, मगच 'स्ट्रिक्ट' दाखवा.

दुसरा 'ॲ'चा. 'ॲडव्हान्स' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात 'ॲ' हे एकच चिन्ह असतं, दुसऱ्यात 'अ' आणि वर चंद्र अशी दोन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि डेटाबेसला वेगळे. माझ्याकडच्या एका मुलीने यापायी अख्खी दुपार घालवली. ओळ समोर दिसतेय आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) म्हणते एकही ओळ नाही. माहिती आत घेतानाच एका रूपात बदलून घ्यायची, एवढाच इलाज.

तिसरा 'ळ'चा. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला दिलेल्या) क्रमांकांत तो 'ल'ला चिकटून बसलाय. म्हणून साध्या क्रमवारीत 'केळी' आधी आणि 'केवडा' नंतर येतो, शब्दकोशात उलट. मराठी क्रम हवा असेल तर तसं कोलेशन (क्रमवारीचे नियम) मुद्दाम निवडावं लागतं. आणि एखाद्या पोराने घरून जुनी फाइल आणली, जी शिवाजी फॉन्टमध्ये किंवा तसल्याच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, तर तिच्यात शोधाशोध करू नका. दिसतं मराठी, आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पुन्हा दोन टेबलांकडे येऊ. पोरांना फोडाफोडीची चटक लागते. कुणीतरी म्हणेल, सर, भावही वेगळ्या टेबलात टाकू ना, १४५० दोनदा आलाय. नको. ५ जूनला ज्या भावाने माल गेला तो त्या कटाईचा भाव आहे, उद्या बाजार कुठेही जावो. भावाचं एकच टेबल करून तिथून हिशेब काढाल तर १० जूनला भाव बदलला की मागच्या सगळ्या हिशेबपट्ट्या बदलतील आणि शेतकरी काठी घेऊन गाळ्यावर येईल. नॉर्मलायझेशनचे, म्हणजे टेबलं कशी फोडायची त्याचे, पहिला, दुसरा, तिसरा असे नियम पोरं परीक्षेसाठी पाठ करतात. त्यांना त्याआधी एवढं समजलं पाहिजे की जी गोष्ट एका ठिकाणी बदलली तर सगळीकडे बदलायला हवी ती एकदाच लिहायची, आणि जी घडून गेली ती घडली तशीच ठेवायची. गाव पहिल्या जातीतलं, भाव दुसऱ्या.

इतिहास थोडा सांगा, पण या टप्प्यावर. रिलेशनलच्या आधी माहिती झाडासारखी मांडायचे. आयबीएमचं आयएमएस हे साठच्या दशकातलं, अपोलो यानाच्या सुट्या भागांच्या याद्यांच्या कामातून आलेलं. झाड म्हणजे आपलं जिल्हा, त्याखाली तालुका, त्याखाली गाव, त्याखाली गट नंबर. गाव धरून शेत शोधा, लगेच सापडतं. पण एकाच शेतकऱ्याचा एक गट चिनावलला आणि दुसरा सावद्याला असेल, तर त्याला कुठल्या फांदीवर बसवायचं? दोन्हीकडे लिहिला की सुनील-सुनिल परत सुरू. १९७०मध्ये आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी शोधनिबंधात मांडलं की फांद्या विसरा, साधे तक्ते करा आणि त्यांतल्या सारख्या नोंदींवरून ते जोडा. १९७४च्या सुमारास तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी जी भाषा केली, तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८१मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बस. एवढं पुरे.

यानंतरचा धडा ट्रान्झॅक्शनचा, आणि तो आपल्या मुलखात शिकवणं सोपं आहे, कारण लाइट जाते. व्यापाऱ्याने शेतकऱ्याला ५०,००० रुपये उचल दिली. दोन नोंदी झाल्या पाहिजेत: रोकडीतून ५०,००० कमी, आणि शेतकऱ्याच्या नावे ५०,००० जास्त. पहिली झाली आणि लाइट गेली. आता पैसे गल्ल्यातही नाहीत आणि कुणाच्या नावावरही नाहीत. 'बिगिन' म्हणून सुरू करायचं, दोन्ही नोंदी टाकायच्या आणि 'कमिट' म्हणायचं. कमिटच्या आधी काही बिघडलं तर दोन्ही नोंदी झाल्याच नाहीत असं धरलं जातं. वर्गात याचं प्रात्यक्षिक घ्या. पहिली नोंद टाकायची आणि प्रोग्राम सरळ बंद करायचा. पुन्हा उघडून बघायचं, रोकड जशीच्या तशी.

हे डेटाबेसला जमतं कसं, असं चौकस पोरगं विचारेलच. त्याला रोजकीर्द आणि खतावणी सांगा. जुने दिवाणजी व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपायचे, सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढवायचे. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्द वाचून पुरी करता येते. पोस्टग्रेस नेमकं हेच करतो. बदल आधी एका ओळीने लिहीत जाणाऱ्या फाइलमध्ये जातात, नंतर टेबलांच्या पानांवर. लाइट आल्यावर तो ती फाइल वाचतो, कमिट झालेलं पुरं करतो, न झालेलं धरतच नाही. याला 'राइट-अहेड लॉग' म्हणतात. बीकॉमच्या पोरांना हे इंजिनिअरिंगवाल्यांच्या आधी कळतं, असा माझा अनुभव आहे.

आता इतर प्रकार. इथे वहीला एकेक नवी अडचण येऊ द्यायची.

व्यापाऱ्याचा काही माल परदेशी जायला लागला. त्या मालाला फण्यांची लांबी, बॉक्सची संख्या, शीतगृहाचं तापमान असं बरंच लिहावं लागतं; दिल्लीच्या मालाला यातलं काही नाही. टेबलात वीस कॉलम वाढवले तर बहुतेक ओळींत ते रिकामे. तेव्हा प्रत्येक खेपेचा एक कागद करायचा, ज्यावर त्या खेपेला लागेल तेवढंच लिहिलेलं. हा डॉक्युमेंट डेटाबेस. २००९मध्ये आलेला मोंगोडीबी हे त्यातलं गाजलेलं नाव. पण नुसत्या या अडचणीसाठी वेगळा डेटाबेस बसवू नका. पोस्टग्रेसमध्ये २०१४पासून 'जेसनबी' नावाचा कॉलम मिळतो, त्यात असे कागद ठेवता येतात आणि शोधताही येतात. 'मोंगोला रचना लागत नाही' असं पोरं ऐकून येतात. रचना लागतेच. ती टेबलात नसली की प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला की ती पण गेली.

सकाळी भाव जाहीर झाला की शेकडो शेतकरी एकाच वेळी मोबाइलवर आजचा भाव बघतात. दर वेळी टेबल चाळण्यात अर्थ नाही. इथे की-व्हॅल्यू, उदाहरणार्थ रेडिस. मी हा मुक्ताईनगरच्या यात्रेतल्या चप्पल स्टँडवरून शिकवतो. बिल्ला ४७ द्या, ४७च्या चपला मिळतात, तत्काळ. पण स्टँडवाल्याला विचारून बघा, लाल पट्ट्याच्या चपला किती आहेत? तो तुमच्याकडे बघत राहील. बिल्ल्याशिवाय त्याला काही विचारता येत नाही, आणि म्हणूनच तो इतका झपाट्याने देतो. रेडिस हे सगळं मेमरीत ठेवतो. डिस्कवर उतरवायची सोय त्यात आहे, तरी हिशेबाची मूळ वही तिथे ठेवू नये.

बागेत ओलाव्याचे सेन्सर बसवले. ५ मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८. चाळीस सेन्सर असतील तर ११,५२०, आणि वर्षाला ४२ लाखांवर. या नोंदी कुणी बदलत नाही, फक्त शेवटी जोडत जातो. विचारायचं असतं ते 'गेल्या आठवड्यात दुपारी सरासरी किती' असलं. शिवाय दोन वर्षांपूर्वीची पाच-पाच मिनिटांची नोंद नको असते, दिवसाची सरासरी पुरते. हा टाइम-सिरीजचा प्रांत. इन्फ्लक्सडीबी आहे, किंवा पोस्टग्रेसवरच बसणारा टाइमस्केल.

व्यापाऱ्याच्या मुलाने विचारलं, दहा वर्षांत कुठल्या महिन्यात सरासरी भाव किती होता? ओळीने साठवलेल्या वहीत हे काढायला प्रत्येक ओळ पूर्ण उचलावी लागते, हवे असतात दोनच कॉलम. कॉलमर डेटाबेस प्रत्येक कॉलम वेगळा साठवतो, म्हणून बेरीज-सरासरी झटकन. डकडीबी हे त्यातलं साध्या लॅपटॉपवर चालणारं, शिकवायला उत्तम.

ग्राफ डेटाबेस समजावायला लोक सोशल मीडियाचं उदाहरण देतात. आपल्याला गरज नाही. लग्नात पंगतीला दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की काय होतं? 'तुम्ही कुठले? पारोळ्याचे? मग अमक्या नानांचे कोण?' चार प्रश्नांत दोघांचं नातं निघतं, तिसऱ्या पायरीवर मावससासरे. माणूस हा ठिपका, नातं ही रेघ, आणि रेघांवरून चालत जायचं. टेबलांनी हेच करायला गेलात तर प्रत्येक पायरीला एक जॉइन (टेबलांची जोडणी) वाढतो, आणि किती पायऱ्या लागतील ते आधी माहीत नसतं. एसक्यूएलमध्ये रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या) क्वेरीने ते करता येतं, पण लिहिणाऱ्याचा जीव जातो. निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस यासाठीच आहे. सोयरीक जुळवणाऱ्या काकूंच्या डोक्यात तो फार पूर्वीपासून चालू आहे.

कॅसांड्रा वगैरे शेकडो मशीनवर पसरणारे डेटाबेस एका परिच्छेदात उरका. फेसबुकला तशी गरज पडली, २००८मध्ये त्यांनी तो खुला केला. तुमच्या बॅचमधल्या कुणाला पहिल्या पाच वर्षांत तो लागला तर मला कळवा, मी पेढे घेऊन येतो. व्हेक्टर डेटाबेसबद्दल पोरं हल्ली एआयमुळे विचारतात. अर्थाने जवळचं काय ते शोधणारा, एवढं सांगून पुढे जा.

हत्यार कोणतं? पहिले आठ-दहा धडे एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २०००मध्ये केलेला, कुणाच्याही मालकीचा नसलेला. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल, पेनड्राइव्हवर घरी नेता येते. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा, डोळे मोठे होतात. त्याची एक खोड मात्र धड्यात लिहा: फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या क्रमांकाकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची) तपासणी त्यात मुळात बंद असते. कटाईत १०९ क्रमांक टाकला आणि असा शेतकरीच नसला तरी तो चालवून घेतो. प्रत्येक वेळी जोडणी केल्यावर 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' म्हणावं लागतं. त्यानंतर पोस्टग्रेसवर जा. नोकरीसाठी कुणाला मायएसक्यूएल लागला तर आठवड्यात जमेल. फक्त त्यात जुन्या 'यूटीएफ८'ऐवजी 'यूटीएफ८एमबी४' निवडायला सांगा. जुन्यात मराठी बसतं, इमोजी बसत नाही, आणि गिऱ्हाईक शेरा लिहिताना इमोजी टाकतंच.

शब्दांचं विचारलंत. डेटाबेसला 'विदागार' वगैरे शब्द आहेत, वाईट नाहीत, पण पोराला मुलाखतीत 'टेबल, रो, कॉलम, की, जॉइन, इंडेक्स' हेच ऐकायचंय. नामं तशीच ठेवा, क्रियापदं आपली ठेवा. 'इन्सर्शन करण्यात येते' असं कुणी बोलत नाही. 'ओळ टाकतो', 'काढतो', 'जोडतो', 'शोधतो' असं लिहा. तुमच्या खर्ड्यात 'करण्यात येते' खूपदा आलंय. ते सरकारी पत्राचं मराठी आहे, त्यात कोण काय करतंय तेच कळत नाही. आणि प्रत्येक धड्यात निदान एक चुकलेली आज्ञा ठेवा, तिच्यामुळे येणाऱ्या लाल संदेशासकट. नवखा माणूस बरोबर उत्तराने अडत नाही, तो त्या लाल ओळीपाशी अडतो आणि घाबरून मशीन बंद करतो. तुम्ही धडा लिहिताना तुमची जी चूक झाली ती पुसू नका, तीच वापरा.

एका धड्यात एकच प्रश्न घ्या, आणि तो वीस मिनिटांत संपला पाहिजे. एका मशीनवर दोन पोरं असतील तर एकाने फक्त कागदावर टेबल काढायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं, मग अदलाबदल. कागदावर काढणारा जास्त शिकतो, हे मी दोन-तीन बॅचमध्ये पाहिलंय.

तुमचा पहिला धडा मी असा सुरू केला असता: 'चिनावलच्या सुनील पाटलांनी जूनमध्ये तीनदा केळी दिली. वहीत चार ओळी आहेत. त्यांचे किती पैसे निघतात?' आणि खाली ती वही. 'डेटाबेस' हा शब्द दुसऱ्या पानापर्यंत येऊ दिला नसता.

नव्याने लिहून झाला की पाठवा. आमच्याकडे हिशेब बघायला एक दिवाणजी येतात, पारोळ्याकडचे, वय सत्तरीच्या पुढे, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. मी धडा आधी त्यांना वाचायला देईन. ज्या ओळीवर ते चष्मा काढून 'हाई काय शे भो?' म्हणतील, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून तुमच्याकडे परत पाठवतो.